सीमेपलीकडचा शेजारी प्रदेश आणि आर्थिक सहकार्य: कुठली थिअरी खरी उतरते?

नदीकाठ

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. दोन देशांमधले व्यापार करार, आयातशुल्क, मोठमोठे गट यावर सगळीकडे भरभरून लिहिलं जातं, पण सीमेला चिकटून असलेले दोन प्रदेश, म्हणजे अख्खे देश नव्हेत, एखादा प्रांत, एखादं खोरं, दोन शहरं, यांनी आपसात नोकऱ्या, वीज, दवाखाने, कारखाने कसे जुळवून घ्यायचे याबद्दल फारच कमी बोलणं होतं. आणि जे होतं ते बहुतेक "शेजारी आहेत म्हटल्यावर सहकार्य होणारच" एवढ्यावर थांबतं. मला हे अजिबात पटत नाही.

यान टिनबर्गेन या अर्थतज्ज्ञाने १९६२ साली व्यापाराचं गुरुत्वाकर्षणाचं मॉडेल मांडलं. दोन अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या आणि जितक्या जवळ, तितका त्यांच्यात व्यापार जास्त. साधं आहे आणि आकडेवारीत चक्क बसतं. पण त्या हिशोबाने सीमेलगतचे दोन प्रदेश एकमेकांत पार गुंतलेले असायला हवेत, आणि प्रत्यक्षात बघाल तर कित्येक देशांत सीमाभाग हाच मागे पडलेला. याचं उत्तर आउगुस्ट लॉश या जर्मन अर्थतज्ज्ञाने १९४० मध्येच देऊन ठेवलंय: प्रत्येक शहराभोवती त्याच्या बाजारपेठेचा एक घेर असतो, सीमा तो घेर मधूनच कापते, अर्धं गिऱ्हाईक पलीकडे राहतं, मग कारखाना टाकणारा माणूस सीमेजवळ न टाकता आतल्या भागात जाऊन टाकतो.

तिसरा विचार पूरकतेचा. एकाकडे भांडवल आणि बंदर, दुसऱ्याकडे जमीन, तिसऱ्याकडे मनुष्यबळ, तिघं एकत्र आले की काम होतं. १९८९ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरचे तेव्हाचे उपपंतप्रधान गोह चोक तोंग यांनी सिंगापूर, मलेशियातला जोहोर आणि इंडोनेशियातली रिआउ बेटं मिळून 'विकास त्रिकोण' करायची कल्पना मांडली ती हीच. बाटम बेट सिंगापूरपासून जेमतेम २० किमीवर, तिथे इंडस्ट्रियल पार्क उभा राहिला, इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी तिकडे आणि डिझाईन, मार्केटिंग, बँका सिंगापुरात.

माझं म्हणणं असं की या सगळ्या थिअरी शेजारी एकत्र का येतात ते छान सांगतात, पण एकत्र आल्यावर खर्च कोणी उचलायचा आणि फायदा कसा वाटायचा याबद्दल त्या जवळजवळ गप्प आहेत, आणि प्रत्यक्षात जिथे जिथे गाडी अडकते ती तिथेच अडकते. तुमचं काय मत? उदाहरणांसकट लिहा, नुसती तत्त्वं नकोत.

मोजपट्टी

मस्त धागा. आकड्यांची थोडी भर घालतो.

सीमेचा परिणाम किती असतो हे मोजायचा गाजलेला प्रयत्न जॉन मॅककॅलम या अर्थतज्ज्ञाचा, १९९५ चा. त्याने १९८८ चा डेटा घेऊन बघितलं की कॅनडाचा एक प्रांत दुसऱ्या प्रांताशी किती व्यापार करतो आणि तितक्याच आकाराच्या, तितक्याच अंतरावरच्या अमेरिकन राज्याशी किती करतो. उत्तर आलं २२ पट! म्हणजे अंतर आणि आकार सारखे असूनही अमेरिकन राज्यापेक्षा स्वदेशी प्रांताशी २२ पट जास्त. आणि ही सीमा म्हणजे काटेरी तारांची सीमा नव्हे, भाषा बहुतांशी एक, कायद्याची परंपरा सारखी, रस्ते जोडलेले. त्यामुळे सगळे हादरले होते.

मग २००३ मध्ये अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी सांगितलं की हा आकडा फुगलाय, कारण कॅनडाची अर्थव्यवस्था लहान, तिला बाहेर जायला अडथळा आला की तिचे प्रांत साहजिकच एकमेकांकडे जास्त वळतात. त्यांच्या हिशोबाने सीमेमुळे अमेरिका-कॅनडा व्यापार सुमारे ४४ टक्के कमी होतो. २२ पटीपुढे हे सौम्य वाटतं पण विचार करा, जगातल्या सगळ्यात मोकळ्या सीमांपैकी एकीवर ४४ टक्के.

लॉशचं म्हणणं तपासायला तर इतिहासाने स्वतःच प्रयोग करून दिला, जर्मनीची फाळणी. रेडिंग आणि श्टुर्म यांनी २००८ मध्ये दाखवलं की पश्चिम जर्मनीतली जी शहरं नव्या सीमेपासून ७५ किमीच्या आत आली त्यांची लोकसंख्यावाढ बाकीच्या पश्चिम जर्मन शहरांच्या मानाने वर्षाला साधारण पाऊण टक्क्याने घसरली. फाळणीआधी दोन्ही गट जवळपास सारखेच वाढत होते. लहान शहरांना फटका जास्त बसला कारण त्यांची सगळी भिस्त आजूबाजूच्या बाजारावर. त्यामुळे सीमाभाग मागास असतो तो तिथल्या लोकांच्या आळसाने किंवा जमिनीच्या दोषाने, असं कुणी म्हणालं की मला फार राग येतो.

वाटसरू

वाचनखूण साठवली. सविस्तर वाचून लिहिते. तोवर एक शंका: पूरकता म्हणजे शेवटी एकाकडे स्वस्त मजूर असणं एवढंच ना? की अजून काही?

तिठा

@वाटसरू, एवढंच नाही पण बऱ्याचदा तेवढ्यावरच थांबतं हे खरं. अमेरिका-मेक्सिको सीमा बघा. १९६४ मध्ये अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांचा ब्रासेरो कार्यक्रम बंद केला, सीमेवर लाखो लोक बेकार, म्हणून १९६५ मध्ये मेक्सिकोने सीमाभाग औद्योगीकरण कार्यक्रम आणला. कच्चा माल आणि सुटे भाग ड्युटी न भरता आणायचे, जोडायचे, परत पाठवायचे. हेच ते माकिलाडोरा कारखाने. सिउदाद हुआरेज, तिहुआना ही शहरं यावरच फुगली. पण त्यात मेक्सिकोत बनलेला माल किती वापरला जायचा? कित्येक वर्षं दोन-चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कारखाना मेक्सिकोत, पण आजूबाजूच्या मेक्सिकन वर्कशॉपला त्यातलं काम जवळपास शून्य. आणि चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत शिरल्यावर बरेच कारखाने बस्तान गुंडाळून तिकडे गेले.

पण नदीकाठ, तुम्ही पूरकतेला जरा जास्तच झोडपताय असं वाटतं. दुसरी बाजूही आहे. गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञाने दाखवलंय की हुआरेजमध्ये उत्पादन वाढलं की नदीपलीकडच्या, अमेरिकेतल्या एल पासोमध्येही नोकऱ्या वाढतात, वाहतूक, गोदामं, हिशोबनीस, कायदेशीर कामं. आणि मेक्सिकोने १९८० च्या दशकात बाजार खुला केल्यावर कारखाने मेक्सिको सिटी सोडून उत्तरेला सरकले. म्हणजे लॉशचा कापलेला घेर परत जुळायला लागला की सीमा ही टोकाची जागा न राहता मोक्याची जागा होते. हे काही थोडंथोडकं नाही. ज्याला नोकरी मिळाली त्याला विचारा.

त्या विकास त्रिकोणाचं म्हणाल तर तो खरा त्रिकोण कधी झालाच नाही. सिंगापूर-जोहोर ही एक बाजू, सिंगापूर-बाटम ही दुसरी, आणि जोहोर-रिआउ ही तिसरी बाजू जवळपास कोरीच, कारण दोघांकडे विकायला एकच गोष्ट, जमीन आणि मजूर. पूरकता नसेल तर शेजार असूनही व्यवहार होत नाही, यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा? आणि सिंगापूर-जोहोरचं नातं इतक्या वर्षांनीही जिवंत आहे, २०२५ च्या जानेवारीत दोघांनी विशेष आर्थिक क्षेत्राचा करार केला तो उगाच नाही.

खडूफळा

तिठा, मुद्दे चांगले आहेत, पण मी चर्चा जरा वेगळ्या दिशेला नेतो. तुम्ही सगळे व्यापार आणि कारखाने यावरच बोलताय. डेव्हिड मित्रानी या राजकीय विचारवंताने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, सांगितलं होतं की देशांनी आधी मोठमोठ्या राजकीय गोष्टींच्या मागे न लागता ठरावीक कामं एकत्र करावीत, नदी, वीज, टपाल, रेल्वे, आरोग्य. कामाच्या गरजेप्रमाणे संस्था बनवा, सीमारेषेप्रमाणे नको. सीमाभागात हा विचार सगळ्यात जास्त लागू पडतो असं माझं ठाम मत आहे.

सेर्दान्याचा दवाखाना हे माझं आवडतं उदाहरण. पिरेनीज डोंगरातलं एक पठार, १६५९ च्या तहाने अर्धं फ्रान्सकडे गेलं अर्धं स्पेनकडे. पठारावर साधारण तीसेक हजार वस्ती. फ्रेंच बाजूच्या माणसाला मोठं हॉस्पिटल म्हणजे पेर्पिन्याँ, जवळपास १०० किमी, घाटाचा रस्ता, हिवाळ्यात बर्फ. स्पॅनिश बाजूला पुइग्सेर्दा गावात एक जुना लहान दवाखाना. दोघांनी वेगवेगळं नवं हॉस्पिटल बांधायचं म्हटलं तर कोणालाच परवडलं नसतं, पेशंटच तेवढे नाहीत. मग युरोपियन युनियनच्या २००६ च्या एका नियमाचा आधार घेऊन, ज्यात सीमापार सहकार्यासाठी स्वतंत्र कायदेशीर संस्था काढता येते, २०१० मध्ये फ्रान्स आणि कॅटालोनियाने मिळून एक संस्था काढली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये पुइग्सेर्दात एकच हॉस्पिटल सुरू झालं, सीमेपासून दोनेक किमीवर. खर्चाची वाटणी ६० टक्के कॅटालोनिया, ४० टक्के फ्रान्स.

आता खरी मजा पुढे. इमारत झाली, डॉक्टर आले, तरी रोजचे प्रश्न संपेनात. फ्रेंच बाई बाळंत झाली स्पेनमध्ये, मग बाळाची जन्मनोंद कुठे? फ्रेंच अँब्युलन्स पेशंट घेऊन सीमा ओलांडू शकते का? स्पॅनिश डॉक्टरने लिहिलेली औषधं फ्रान्समधला औषधवाला देईल का? आणि सगळ्यात हृदयद्रावक, एखादा फ्रेंच म्हातारा तिथे वारला तर दोन किमीवरच्या आपल्या घरी त्याचा मृतदेह न्यायला आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे सोपस्कार! दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं, दोन देशांचे कायदे आणि पेशंट मधल्यामध्ये. यातली एकेक गाठ सोडवायला वर्षं गेली आणि ती सोडवली ती तिथल्या स्थानिक लोकांनी पाठपुरावा करून करून.

हे मी एवढं लांबण लावून का सांगतोय, तर व्यापाराच्या थिअरीत 'सीमेची किंमत' हा एक आकडा असतो. जमिनीवर ती किंमत म्हणजे असे शंभर बारीक कागद असतात. २०१७ मध्ये युरोपियन कमिशनने म्हटलं होतं की युनियनच्या आतल्या सीमाभागांमधले फक्त २० टक्के अडथळे काढले तरी त्या भागांचं उत्पन्न २ टक्क्यांनी वाढू शकेल, आणि तिथे तब्बल १५ कोटी लोक राहतात.

आडवाट

सगळे युरोप-अमेरिकेतच फिरताय म्हणून लिहितेय. हे बारीक कागदांचं प्रकरण गरीब देशांत किती महाग पडतं ते बघायचं तर चिरुंडूला बघा, झांबेझी नदीवर, एका बाजूला झांबिया दुसऱ्या बाजूला झिंबाब्वे. दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांकडून तांब्याच्या खाणींकडे जाणारा मुख्य रस्ता. आधी ट्रक झिंबाब्वेच्या बाजूला थांबणार, कागद दाखवणार, पूल ओलांडणार आणि झांबियाच्या बाजूला परत तेच कागद तीच रांग. दोन-तीन दिवस ट्रक तसाच उभा. ड्रायव्हरचा भत्ता, ट्रकचं भाडं, माल नाशवंत असेल तर संपलंच. हा सगळा खर्च शेवटी मालाच्या किमतीत चढतो.

२००९ च्या डिसेंबरमध्ये तिथे आफ्रिकेतली पहिली वन स्टॉप बॉर्डर पोस्ट सुरू झाली. म्हणजे काय, तर झांबियात शिरणारा ट्रक फक्त झांबियाच्या आवारात थांबणार, तिथेच दोन्ही देशांचे कस्टमवाले शेजारी शेजारी बसणार. ऐकायला सोपं वाटतं. पण झिंबाब्वेचा अधिकारी झांबियाच्या जमिनीवर बसून आपल्या देशाचा कायदा लावणार कसा? त्याने तिथे कुणाला अटक केली तर? त्यासाठी दोन्ही देशांना कायदे करायला लागले. नवीन रस्ता नाही, नवीन पूल नाही, नुसती बसायची जागा बदलली आणि दिवसांचं काम तासांवर आलं. मला वाटतं मोठ्या प्रकल्पांच्या घोषणांपेक्षा हे शंभर पटीने मोलाचं आहे.

आणि अजून एक, सीमेवरचा व्यापार म्हणजे फक्त ट्रक नाही. डोक्यावर टोपली घेऊन पलीकडे भाजी, धान्य, कपडे विकायला जाणाऱ्या बायका, आफ्रिकेत या व्यापारात बायकाच जास्त. त्यांना मोठ्या कंपनीचे फॉर्म भरायला लावले की त्या चोरवाटेने जातात, तिथे लाच आणि त्याहून वाईट प्रकार. म्हणून आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या देशांच्या कोमेसा या व्यापारगटाने लहान व्यापाऱ्यांसाठी सोप्या कागदांची वेगळी पद्धत आणली. भारत-बांगलादेश सीमेवरचे बॉर्डर हाट याच विचाराचे, पहिला जुलै २०११ मध्ये मेघालयातल्या कलाईचरला. ५ किमीच्या आत राहणाऱ्यांनी यायचं, स्थानिक माल, दोन्ही चलनं चालतात. उलाढाल किरकोळच, पण ज्या बाईचं अख्खं घर त्या एका दिवसाच्या विक्रीवर चालतं तिला राष्ट्रीय आकडेवारीत शोधूच नका.

वाटसरू

आडवाटताई, +१. बसायची जागा बदलली आणि काम झालं, हे फार पटलं. या गोष्टी पेपरात का येत नाहीत?

पूर्वरंग

सगळं वाचलं. पण राजकारण सोडून कसं चालेल? थिअरीच्या दृष्टीने सगळं जुळलेलं असूनही काहीच न झालेलं उदाहरण म्हणजे तुमेन नदी. चीन, रशिया आणि उत्तर कोरिया जिथे मिळतात तिथे. चीनकडे मनुष्यबळ, रशियाकडे लाकूड आणि तेल, उत्तर कोरियाच्या किनाऱ्यावर बंदरं, जपान-दक्षिण कोरियाकडे भांडवल. पूरकता म्हणाल तर पुस्तकात छापावी अशी. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने तिथे २० वर्षांत ३० अब्ज डॉलर्सचं शहर आणि बंदर उभं करायची योजना मांडली. १९९५ मध्ये पाच देशांनी करार केले. पुढे? प्रत्येकाने आपापल्या हद्दीत आपापलं क्षेत्र काढलं, सामायिक जमीन द्यायला कोणी तयार नाही, भांडवल आलं नाही, आणि २००९ मध्ये उत्तर कोरिया बाहेरच पडला.

त्यामुळे मित्रानीचं 'आधी काम करा, राजकारण आपोआप निवळेल' हे मला अर्धवट वाटतं. काम सुरू व्हायलाच आधी थोडा विश्वास लागतो.

नदीकाठ

वा, एकेक प्रतिसाद भारी आलेत. पूर्वरंग, विश्वास लागतोच, पण विश्वास म्हणजे कागदावर काय? माझ्या मते वाटणीचा नियम, जो उद्या सरकार बदललं तरी टिकेल. आणि नुसता नियम असून भागत नाही, तो बरोबरीचा दिसला पाहिजे.

इताइपू धरण घ्या. पाराना नदी, ब्राझील आणि पराग्वेची सीमा. १९७३ चा करार, १९८४ पासून वीज, आज २० जनित्रं, १४,००० मेगावॅट. करार सरळ: निम्मी वीज तुमची, निम्मी आमची. याहून न्याय्य काय असणार? पण पराग्वे एवढासा देश, त्याला निम्म्यातला थोडाच भाग पुरायचा, आणि करारात अट अशी की उरलेली वीज दुसऱ्या भागीदारालाच द्यायची, बाजारभावाने बाहेर विकायची नाही. मोबदला ठरलेला आणि तुटपुंजा. झालं, पराग्वेत पिढ्यान् पिढ्या तो संतापाचा विषय. २००९ मध्ये ब्राझीलचे लुला आणि पराग्वेचे लुगो या राष्ट्राध्यक्षांनी तो मोबदला तिप्पट करायचं ठरवलं, वर्षाला १२ कोटी डॉलर्सवरून ३६ कोटी. म्हणजे खडूफळा, सामायिक काम असलं की सगळं सुरळीत असंही नाही. निम्मं-निम्मं हेसुद्धा एकाला अन्याय वाटू शकतं, कारण निम्म्याचं काय करायचं हे दोघांच्या हातात सारखं नव्हतं.

दुसरं, ओरेसुंडची सामुद्रधुनी. १ जुलै २००० ला डेन्मार्कचं कोपनहेगन आणि स्वीडनचं माल्मो जोडणारा सुमारे १६ किमीचा पूल-बोगदा सुरू झाला. घरं माल्मोत स्वस्त, पगार डेन्मार्कमध्ये जास्त, त्यामुळे रोज ये-जा करणारे बहुतेक स्वीडनहून डेन्मार्कला. आता माणूस जिथे काम करतो तिथे आयकर भरतो, पण त्याची पोरं शाळेत जातात माल्मोत, पाळणाघर माल्मोचं, रस्ते माल्मोचे. कर तिकडे, खर्च इकडे! यावर दोन सरकारांची वर्षानुवर्षं घासाघीस चालली. २०१६ च्या जानेवारीत निर्वासितांच्या प्रश्नावरून स्वीडनने ओळखपत्र तपासणी लावली तेव्हा रोजच्या प्रवाशांचे जे हाल झाले ते वेगळेच. १६ वर्षांची सवय, एका रात्रीत रांगा.

मोजपट्टी

नदीकाठ, करावरून आठवलं, लक्झेंबर्गचा प्रकार तर याहून टोकाचा. तिथले जवळपास निम्मे नोकरदार रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येतात, दोन लाखांहून जास्त माणसं. कोविडमध्ये सगळे घरून काम करायला लागले आणि प्रश्न उभा राहिला की माणूस फ्रान्समधल्या आपल्या घरी बसून लक्झेंबर्गच्या बँकेचं काम करतोय, मग कर कोणाचा? करारांत दिवसांची मर्यादा ठरलीय, आता तिन्ही शेजाऱ्यांशी वर्षाला ३४ दिवस. त्यावर एक दिवस जरी गेला तरी घरून केलेल्या सगळ्या दिवसांच्या पगारावर राहत्या देशाचा कर. त्यामुळे लोक अक्षरशः कॅलेंडरवर खुणा करत बसतात. सामाजिक सुरक्षेचा हिशोब पुन्हा वेगळा, त्यात जुलै २०२३ च्या करारानुसार निम्म्याहून कमी वेळ घरून चालतं. एकाच माणसाला दोन मोजपट्ट्या!

गुरुत्वाकर्षणाच्या मॉडेलमध्ये हे कुठे बसवणार? अंतर तेच, आकार तोच, आणि ३५ व्या दिवशी सगळं बदलतं.

तिठा

मान्य की वाटणीचा प्रश्न खरा आहे. पण मग प्रश्न असा की तो कोणी सोडवलाय का? की नुसतीच रडगाणी? खडूफळा, तुम्हाला एखादं चालू असलेलं उदाहरण माहीत असेल तर सांगा, कारण माल्मोसारखी तक्रार प्रत्येक सीमेवर असणार.

खडूफळा

आहे ना, जिनिव्हा. हे शहर तिन्ही बाजूंनी फ्रान्सने वेढलेलं, रोज प्रचंड संख्येने फ्रेंच बाजूचे लोक कामाला येतात. त्यांचा आयकर जिनिव्हा पगारातूनच कापून घेतं. पण २९ जानेवारी १९७३ च्या करारानुसार जिनिव्हा दरवर्षी या लोकांच्या एकूण ढोबळ पगाराच्या ३.५ टक्के रक्कम पलीकडच्या एँ आणि ओत-साव्हुआ या दोन फ्रेंच विभागांसाठी देतं. तिथून पैसे गावोगावच्या नगरपालिकांपर्यंत जातात, त्या गावात किती सीमापार कामगार राहतात त्या प्रमाणात. त्यामुळे प्रत्येक सरपंचाला आपल्या गावातले असे कामगार नीट मोजले जावेत यात रस असतो. लक्झेंबर्गने मात्र अशी थेट भरपाई द्यायला फ्रान्सला कायम नकार दिलाय, ते म्हणतात आम्ही रेल्वे आणि पार्किंगसारख्या ठरावीक प्रकल्पांत पैसे घालू, आणि सीमेलगतच्या फ्रान्समधल्या लॉरेन भागातले महापौर त्यावरून आजही जिनिव्हाचं उदाहरण देऊन भांडतायत.